पाश्चात्त्य ज्ञानाच्या सार्वत्रिकतेला आव्हान द्यायचे, तर फुले आणि शाहू महाराज कोणत्या बाजूला?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला समाजशास्त्र शिकवतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय अभ्यासक्रमात आला, आणि आमच्याकडे एका वैकल्पिक पेपरात निर्वसाहतीकरणाचा, म्हणजे वसाहतीच्या राज्याने रुजवलेल्या विचारांच्या चौकटीतून बाहेर पडण्याचा, विचारही शिकवायचा आहे. हे दोन्ही विषय एकाच मुलांच्या वेळापत्रकात शेजारी आल्यामुळे जो गोंधळ उडतो, त्याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

पेरूचे समाजशास्त्रज्ञ अनिबाल किहानो यांनी १९९० च्या दशकात मांडलेला मुद्दा थोडक्यात असा, की वसाहतीवरचे राज्य संपले तरी त्या राज्याने लावलेली माणसांची आणि ज्ञानाची उतरंड शिल्लक राहते. १४९२ नंतर युरोपने जगातल्या माणसांची वंशावरून प्रतवारी केली, कोणी कोणते श्रम करायचे हे त्याच प्रतवारीवर ठरवले, आणि युरोपात तयार झालेले ज्ञान अखिल मानवजातीचे म्हणून प्रमाण मानायला लावले. इथपर्यंत मुलांना पटते. पुढे दोन ठिकाणी गाडी अडते.

एक म्हणजे, ज्ञान जर जागेला आणि सत्तेला बांधलेले असेल, तर न्यूटनचे नियमही इंग्लंडपुरतेच का, असा प्रश्न हटकून येतो. आणि त्याच्या पाठोपाठ, ‘म्हणजे आपल्या ग्रंथांत लिहिलेले सर्वच तितकेच खरे’ हा निष्कर्षही येतो. दुसरी अडचण खास इथली आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. शाहू महाराजांचे शिक्षण इंग्रज शिक्षकांच्या हाताखाली झाले आणि १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. माणूस म्हणून सर्वांचे हक्क सारखे, हा युरोपातून आलेला विचार या दोघांनी हत्यारासारखा वापरला. मग निर्वसाहतीकरणाच्या चौकटीत त्यांना वसाहतीच्या प्रभावाखाली आलेले म्हणायचे की आणखी काही? वर्गात हा प्रश्न टाळून चालणार नाही, निदान कोल्हापुरात तरी नाही.

तर्कशाळा

सर, आपली पहिली अडचण मूळ लेखकांपेक्षा त्यांच्या ऐकीव मांडणीतून अधिक आलेली दिसते. या परंपरेतले गंभीर लेखक गुरुत्वाकर्षणाशी भांडत नाहीत. त्यांचा रोख जाणणाऱ्याने स्वतःविषयी केलेल्या एका दाव्यावर आहे: मी कोणत्याही जागेवर उभा नाही, मला देह नाही, भाषा नाही, हितसंबंध नाहीत, म्हणून मला दिसते ते सर्वांसाठी खरे. कोलंबियाचे तत्त्वज्ञ सांतियागो कास्त्रो-गोमेझ यांनी या भूमिकेला शून्यबिंदूचा अहंकार म्हटले आहे.

हे मुलांना अमूर्तात सांगू नये. जेम्स मिल यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास १८१७ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. मिल हिंदुस्थानात कधी आले नव्हते आणि इथली एकही भाषा त्यांना येत नव्हती. ही उणीव त्यांनी लपवली तर नाहीच, प्रस्तावनेत तिचे समर्थन केले. योग्य तयारीचा माणूस इंग्लंडमधल्या आपल्या खोलीत बसून एका वर्षात हिंदुस्थानविषयी जेवढे जाणेल, तेवढे इथे डोळे-कान उघडे ठेवून उभे आयुष्य काढणाऱ्यालाही कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जो प्रत्यक्ष पाहतो तो पक्षपाती होतो आणि जो दुरून कागद वाचतो तो न्यायाधीशासारखा तटस्थ राहतो, हा त्यामागचा तर्क. पुढे हेच पुस्तक इंग्लंडमध्ये हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात वाचले जाऊ लागले आणि तिथून बाहेर पडलेले तरुण इथे येऊन जमाबंदी व न्यायदान करू लागले. मिलचे एखादे विधान चुकीचे होते एवढेच सांगून भागत नाही. माहिती नसणे हीच पात्रता ठरावी, अशी व्यवस्था कशी उभी राहिली, हे पाहायचे आहे.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. चौदाव्या शतकातल्या केरळच्या माधवाच्या परंपरेत वर्तुळाच्या परिघासाठी अनंत श्रेणी सापडली होती, आणि तिची सिद्धता सोळाव्या शतकात चक्क मलयाळम गद्यात लिहिली गेली. युरोपात तीच श्रेणी ग्रेगरी आणि लायब्निझ यांच्या नावाने ओळखली गेली. कंपनीच्या नोकरीतील चार्ल्स व्हिश यांनी १८३० च्या दशकात केरळच्या ग्रंथांकडे लक्ष वेधल्यानंतरही पाठ्यपुस्तके बदलायला फार काळ गेला. श्रेयाच्या बाबतीत हा अन्याय आहेच. परंतु श्रेणी खरी आहे ती केरळातली म्हणून खरी नाही आणि जर्मनीतली म्हणूनही नाही. जन्म कोठे झाला हा एक प्रश्न, ती कोठे-कोठे टिकते हा दुसरा. दोन्ही प्रश्न विचारावेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या ठिकाणी देऊ नये.

यावरून न्यूटनबद्दलचे उत्तर मिळते. सार्वत्रिकतेचा दावा विधान-विधान करून तपासावा लागतो. घाऊक मान्य करता येत नाही आणि घाऊक फेटाळताही येत नाही. काही विधाने तपासणीत टिकतात. काही सपशेल पडतात. २०१० साली जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांत ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांपैकी ९६ टक्के माणसे जगाच्या जेमतेम १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतली होती, आणि निष्कर्ष मात्र ‘मानवी मना’विषयी काढले जात होते. सारख्या लांबीच्या दोन रेघांच्या टोकांना आत आणि बाहेर वळलेले बाण काढले की एक रेघ लांब भासते, हा भ्रम सर्व मानवजातीचा मानला जाई. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांना तो जवळपास होत नाही, हे १९६० च्या दशकातच छापून आले होते. डोळ्यांना काय दिसते, इतक्या प्राथमिक गोष्टीतही अमेरिकन विद्यार्थी म्हणजे माणूस असे धरून चालता आले नाही.

युरोपातल्या विजेत्यांचे ‘मी जिंकतो’ हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या ‘मी विचार करतो’च्या शंभर वर्षे आधी आले, हे लॅटिन अमेरिकेतील तत्त्वज्ञ एन्रिके दुसेल यांचे म्हणणे वर्गात फार लोकप्रिय होते. इतिहास म्हणून ते मोलाचे आहे. पण त्यावरून देकार्तचा युक्तिवाद बरोबर की चूक हे ठरत नाही, एवढे मुलांना अवश्य सांगावे.

गुऱ्हाळघर

तर्कशाळा यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, पण त्यातले सर्व जाणकार पुस्तके लिहिणारेच आहेत. मी कृषी पदवीधर आहे आणि पन्हाळा तालुक्यात आमच्या घरचे गुऱ्हाळ आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

रस कढईत चढला की आधी मळी वर येते. रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात कुस्करली की जो चिकट रस निघतो, तो टाकल्यावर मळी साकळते आणि झाऱ्याने काढता येते. पुढचा सारा खेळ गुळव्याच्या नजरेचा असतो. काकवीची अवस्था ओलांडली की बुडबुडे लहान होत जातात, उकळीचा आवाज जड होतो, आणि तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळते का ते पाहतो. तापमापी लावली तर त्या वेळी पारा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. हा आकडा पुस्तकात आहे, बरोबरही आहे. परंतु ऊस लागणीचा की खोडव्याचा, रान क्षारपड की निचऱ्याचे, यावर कढई नेमकी केव्हा उतरवायची ते बदलते, आणि जाळ किती ठेवायचा हे गुळव्या चुलवाणाशी बसलेल्या माणसाला न बोलता हाताने खुणावून सांगतो. ही माहिती त्याच्याकडून कागदावर उतरवून घेण्याचा प्रयत्न केला तर निम्मी सांडते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून कढईत हायड्रॉस हे रंग उजळवणारे रसायन पडू लागले. ते पडले आहे का आणि किती, हे कोणत्याही गुळव्याला नजरेने छातीठोक सांगता येणार नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. कोल्हापुरातल्या ऊस व गूळ संशोधन केंद्राने आमच्यासारख्यांना बरेच शिकवले आहे आणि आमच्यासारख्यांकडून बरेच घेतलेही आहे. त्यामुळे ‘पारंपरिक ज्ञान विरुद्ध आधुनिक विज्ञान’ अशी कुस्ती लावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गुऱ्हाळात एक आदणही उभे राहून पाहिलेले नसते, असे माझे मत आहे.

माझा मुद्दा नोंदीचा आहे. सरकारने १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला इथली शेती सुधारण्यासाठी पाठवले. त्यांनी १८९३ च्या अहवालात लिहिले, की इथला चांगला रयत हा सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे आणि काही बाबतींत सरसच आहे. पुढे १९०५ पासून पुसा आणि नंतर इंदूर येथे काम केलेल्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड यांनाच आपले प्राध्यापक मानले. ज्याला आज जगभर सेंद्रिय शेती म्हणतात तिचा एक मोठा झरा इंदूरच्या त्या कंपोस्ट पद्धतीत आहे. दोघेही प्रामाणिक होते. परंतु शेतकऱ्याचे जाणतेपण ग्रंथात आले ते साहेबाने प्रमाणपत्र दिल्यावर, आणि तेही ‘रयत’ या एका शब्दाखाली. कोणत्या गावचा, कोण, याचा पत्ता नाही. सरांनी वर्गात हे अवश्य विचारावे, की हॉवर्डचे प्राध्यापक ज्यांना म्हटले गेले त्यांपैकी एकाचे तरी नाव कोणाला सांगता येते का.

पंचगंगा घाट

वरचे दोन्ही प्रतिसाद लंडनकडे तोंड करून लिहिलेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सरांचा खरा प्रश्न दुसरा आहे आणि त्याचे उत्तर कोल्हापुरातच आहे.

१८९९ च्या सुमारास याच पंचगंगेवर, स्नानाच्या वेळी, शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसालाही अमुक शब्द ऐकण्याचा अधिकार नाही, असे त्यांच्याच पदरी असलेल्या भटजींचे म्हणणे होते. या प्रसंगाला केवळ धार्मिक तंटा समजणे चुकीचे आहे. ज्ञान कोणाचे, ते कोणी उच्चारायचे, कोणी ऐकायचे आणि कोणी दूर उभे राहायचे, याची ती उतरंड होती. आणि ती लावायला एकाही युरोपियन माणसाची गरज पडलेली नव्हती. किहानो यांचा आराखडा १४९२ पासून सुरू होतो. आमची उतरंड त्याच्या कितीतरी आधीची आहे, त्यामुळे तो आराखडा जसाच्या तसा इथे आणला की ती त्यातून सहीसलामत निसटते. इंग्रजांपूर्वीचे ते सर्व ‘आपले’ आणि म्हणून निर्मळ, असा समज मग आपोआप तयार होतो.

यात इंग्रजांना मोकळे सोडावे असेही नाही. १८७१ च्या कायद्याने त्यांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि पुढे जनगणनेत जातींची प्रतवारी लावताना मोठा आधार घेतला तो इथल्या उच्चवर्णीय माहितगारांचाच. दोन उतरंडी एकमेकींना टेकू देऊन उभ्या होत्या. फुल्यांनी हे नेमके ओळखले होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते भटकामगारांवर, म्हणजे सरकारी नोकरीतल्या ब्राह्मणांवर, जितके तुटून पडतात, तितकेच ऐषआरामात दंग राहून सर्व कारभार त्या कामगारांच्या हाती सोपवणाऱ्या गोऱ्या अंमलदारांवरही पडतात. वसाहतीच्या प्रभावाखालचा माणूस असा लिहीत नाही.

राहिला युरोपातून आलेल्या समान हक्कांचा मुद्दा. १७८९ मध्ये फ्रान्सने माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला तेव्हा त्यांच्याच हैतीतल्या उसाच्या मळ्यांत लाखो आफ्रिकी गुलाम राबत होते, आणि जाहीरनाम्यातला ‘माणूस’ म्हणजे आपण, असे त्यांना कोणी सांगायला गेले नव्हते. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला, १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली, नेपोलियनने ती १८०२ मध्ये पुन्हा आणू पाहिली, आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाले. ‘सर्व माणसे’ या शब्दांत खरोखर सर्व माणसे आली ती त्या गुलामांमुळे, पॅरिसमुळे नव्हे. फुल्यांनी माणसाच्या हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन वाचला आणि त्यातला ‘माणूस’ शूद्रातिशूद्र स्त्री-पुरुषांपर्यंत नेला, तेव्हा ते याच कामात होते. याला उसनवारी म्हणणाऱ्याने पेनच्या पुस्तकात महारवाड्याचे नाव शोधून दाखवावे.

चपलेचे उदाहरण इथे फार दिले जाते म्हणून त्याविषयीही बोलते. २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला नामोल्लेखाशिवाय मिलानमध्ये दाखवल्या आणि आपल्याकडे संताप उसळला. संताप रास्त होता. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. परंतु बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कसे कमवायचे, किती दिवस कुंडात ठेवायचे, हे जाणणाऱ्या ढोर आणि चांभार समाजातल्या माणसांना आपल्याच गावात ‘ज्ञानी’ कधी म्हटले गेले? चप्पल लाईनवर दर पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मिलानवर बोट दाखवणे सोपे जाते. अशा हातांचे ज्ञान भारतीय ज्ञानप्रणालीच्या पेपरात किती पाने व्यापते, हे सरांनी पाहून इथे कळवावे.

विज्ञानाच्या अभ्यासक मीरा नंदा यांनी २००३ मध्येच बजावले होते, की विज्ञानाच्या सार्वत्रिकतेवरची डावी टीका भारतात धार्मिक पुनरुज्जीवनाला आयते शब्द पुरवते. त्यांची विज्ञानावरची श्रद्धा मला थोडी जास्तच भाबडी वाटते, पण हा इशारा मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे.

दवाखाना

वैद्यकातली दोन उदाहरणे थोडक्यात देतो, कारण ती मुलांना लगेच कळतात. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावलेली ऑक्सिमीटर प्रामुख्याने उजळ त्वचेवर प्रमाणित केलेली होती. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून आलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांतील छुपी ऑक्सिजनची कमतरता या यंत्राकडून गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा निसटल्याचे दिसले. तसेच वजन-उंचीच्या निर्देशांकात २५ ही जास्त वजनाची सीमा मुख्यत्वे युरोपीय लोकांवरून आली, आणि आपल्याकडे त्याआधीच मधुमेहाचा धोका सुरू होत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा टप्पा सुचवला. दोन्ही ठिकाणी चूक दाखवून दिली ती मोजमापानेच.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पंचगंगा घाट यांना सांगतो, की आमच्या सध्याच्या आराखड्यात कातडे कमावण्याला एक ओळही नाही; गणित, खगोल आणि आयुर्वेद यांनाच बहुतेक जागा आहे.

परंतु दवाखाना यांच्या उत्तरावरून एक शंका येते. चूक मोजमापानेच दुरुस्त होत असेल, तर ते चांगले विज्ञानच झाले. मग निर्वसाहतीकरणाच्या विचाराला वेगळे काम काय उरते?

तर्कशाळा

शंका रास्त आहे, आणि नायजेरियाचे तत्त्वज्ञ ओलुफेमी ताइवो यांनी २०२२ मध्ये जवळपास हाच आक्षेप जोरात घेतला आहे: ज्याला-त्याला वसाहतीचा शिक्का मारला की आधुनिक विचारांत आफ्रिकी लोकांनी स्वतः घातलेली भरच पुसली जाते. फुल्यांबाबत आपल्याला नेमकी हीच भीती वाटते.

तरीही काम उरते असे मला वाटते. काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर चुकते अशी शंका १९९० च्या सुमारासच छापून आली होती. मोजमाप उपलब्ध असूनही तीस वर्षे फारशी हालचाल झाली नाही. सानांच्या दृष्टीविषयीचा अभ्यास आणि हेनरिक यांचा लेख यांतही चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे. चूक मोजता येणे आणि ती मोजण्याजोगी वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता प्रश्न पैशाला, नियतकालिकाला आणि प्रबंधाला पात्र ठरतो, तो कोणत्या भाषेत विचारावा लागतो, आणि कोणाच्या तक्रारीला ‘किस्सा’ म्हणून बाजूला सारले जाते, हे पाहण्यासाठी किहानो उपयोगी पडतात. अमुक विधान खरे की खोटे, हे ठरवायला ते उपयोगी पडत नाहीत आणि पडावेत अशी अपेक्षाही करू नये.

पंचगंगा घाट

त्याच कसोटीने इथल्या घाटावरही पाहावे, एवढीच माझी भर.

आणि सर, वर्गात मिलची प्रस्तावना वाचून घेणार असाल, तर शेजारी फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन ठेवा. मूळ इंग्रजीत आहे आणि राज्य साहित्य संस्कृती मंडळाच्या समग्र वाङ्मयात मिळते. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा हिशेब त्यात आहेच. पण सरांच्या विषयाला धरून त्याचा पुढचा भाग वाचावा. प्राथमिक शाळांतले शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि गरज पडली तर नांगर किंवा सुताराचा तासणा हाती धरायला लाजणार नाहीत, अशी मागणी फुले करतात. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य हे सर्व एका दमात मागितले आहे. यांतले काय कोठून आले याची फोड त्यांनी केलेली नाही. शिकवणारा कोण असावा, यावर मात्र ते अडून बसलेले आहेत.